बोर्डाची मागची बाजू

धाकट्याने परवा फोनवर विचारलं, "आजी, तयार मिळत असताना तुम्ही दोघांनी एवढा उपद्व्याप कशाला केलात?" मी उत्तराला तोंड उघडलं आणि त्याची पोहायला जायची वेळ झाली. म्हणून लिहून पाठवते. लिहिलेलं मधेच तोडता येत नाही, आणि माझा स्वभाव असा की पहिल्यापासून सुरुवात केल्याशिवाय मला शेवट सापडत नाही. थोरलीला यातलं बरंचसं ठाऊक आहे. तिनेही वाचावं, कारण काही गोष्टी ती परत गेल्यावर घडल्या. कुठे अडलं तर बाबांना विचारा. त्याचं मराठी अजून चांगलं आहे.

गेल्या डिसेंबरात थोरली एकटीच रत्नागिरीला आली तेव्हा तिच्या कपड्यांच्या बॅगेपेक्षा मोठी एक पेटी तिच्याबरोबर होती. मला वाटलं हार्मोनियमसारखं काही असेल. उघडली तर आत ना पट्ट्या, ना भाता. नुसते धातूचे उभे पत्रे, त्यांवर बटणं आणि भोकं. मोड्युलर सिंथेसायझर म्हणतात त्याला. एकेक पत्रा म्हणजे एकेक मोड्यूल, आणि एक मोड्यूल एकच काम करतं. एक सूर काढतं, दुसरं त्यातला कर्कशपणा गाळतं, तिसरं सूर कधी उगवायचा आणि कधी मावळायचा ते ठरवतं. कोणी कोणाचं ऐकायचं ते आपण वायरी खोचून सांगायचं. मला ही रचना आवडली. शाळेत मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, पण कामांची इतकी स्वच्छ वाटणी आमच्या शिक्षकांच्या खोलीतही कधी पाहिली नाही.

तिने जेवणाच्या टेबलावर पेटी मांडली आणि दोन सूर लावले. आजोबा पडवीत पेपर वाचत होते ते चष्मा हातात घेऊन आत आले. दोन सूर जवळजवळ सारखे असले की मिळून डुलतात, वाव-वाव-वाव असे. आजोबांनी न विचारता एक बटण धरलं आणि हळूहळू फिरवलं. डुलणं संथ झालं, आणखी संथ झालं, मग थांबलं. दोन सुरांचा एक सूर झाला.

"झीरो बीट," ते म्हणाले. "हे तू जोडलंस?"

"छे, आजोबा. तयार घेतलंय. किटही मिळतं, सगळे सुटे भाग आणि कोरा बोर्ड. पण कोण बसणार सोल्डरिंग करत!"

"कोण म्हणजे? ज्याला येतं तो."

"मग बसा तुम्ही," ती हसून म्हणाली, आणि बॅगेच्या तळातून एक खोकं काढून तिने त्यांच्यासमोर ठेवलं. सूर काढणाऱ्या मोड्यूलचं किट होतं. हौसेने घेतलेलं, वर्षभर न उघडलेलं. "मे महिन्यात माझा कार्यक्रम आहे. तुम्ही केलंत तर त्यात हेच वाजवीन. पहिला सूर याचा."

"मार्च संपायच्या आत तुझ्या हातात," आजोबा म्हणाले. असं वचन देताना ते नेहमी टेबलावर दोन बोटं टेकवतात. त्या दिवशी त्यांनी पूर्ण तळवा टेकवला. तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

तुमचे आजोबा मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते, हे तुम्हाला माहीत आहे. ते काम काय असतं हे बहुधा माहीत नसेल. काळ्याभोर समुद्रात मोर्सच्या कडकट्टातून निरोप द्यायचे आणि घ्यायचे. पलीकडचा चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. तरीही बटण दाबण्याच्या लयीवरून माणूस ओळखू येतो. सुट्टीवर घरी आले की ते सांगायचे, अमुक बंदरावरचा तो, त्याचा हात मी झोपेतही ओळखेन. त्यांचा स्वतःचा हात फार स्वच्छ समजला जाई. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि अभिमानाची ती एकच गोष्ट त्यांच्याकडे होती.

थोरली गेली आणि किट कपाटावर राहिलं. आजोबा रोज सकाळी टेबल पुसून घ्यायचे, भिंग काढायचे, सोल्डरिंग आयर्न तापवायचे, आणि थोड्या वेळाने बंद करून झाडांना पाणी घालायला निघून जायचे. जानेवारी असा गेला. कपबशी सोडून ते अर्ध्या भरलेल्या फुलपात्रातून चहा प्यायला लागले होते. दाढीला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा वयाचा कंप आहे, मोठा आजार नाही, गोळीने थोडा कमी होईल, जाणार नाही. घरी येताना रिक्षात ते एवढंच म्हणाले, "मुलांना सांगायचं नाही."

मी तुमच्या बाबांना सांगितलं. तो लगेच उपायाला लागला. उपाय काढण्यात तो माझ्यावर गेला आहे.

"आई, मी इथे तेच मोड्यूल तयार मागवतो. तिला देतो आणि म्हणतो, आजोबांचं पार्सल आलं. बाबांना तू विश्वासात घे. त्यांची दगदग वाचेल, तिला आनंद होईल."

"आणि तिने ओळखलं तर?"

"अगं, पेटीत बसवल्यावर पुढचा पत्राच दिसतो. मागे कोण बघतंय?"

मी म्हटलं, विचार करून सांगते. खरं तर मला ते पटलं होतं. तयार वस्तू वाईट असते असं मला कधीच वाटलं नाही. कोकमाचं आगळ मी आता तयार आणते, सांडगे-पापड तयार आणते, आणि ज्या बायका ते करतात त्या माझ्यापेक्षा चांगले करतात. तयार मोड्यूल तपासून येतं. बिघडलं तर परत घेतात. किट बिघडवलं तर आपणच बिघडवलेलं असतं. आणि किट म्हणजे तरी सगळं आपण केलं असं थोडंच आहे? कोणीतरी नकाशा काढला, बोर्डाला भोकं पाडली, भाग मोजून पिशव्यांत भरले. उकड मळून दिली, सारण करून दिलं, आपण फक्त कळ्या पाडून मोदक मिटायचा. मात्र मोदक फुटतो तो तिथेच.

पण आमचा पाट मला आठवला. आमच्याकडे गणपती दुकानातून उचलून आणत नाहीत. आपला पाट आधी गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, नेऊन द्यायचा, आणि त्यावरच मूर्ती घडवायची. माझं लग्न नवं होतं तेव्हा एका वर्षी मूर्ती घरी आली आणि सासूबाईंनी वाकून पाहिलं तर पाट आमचा नव्हता. आमच्या पाटाच्या कोपऱ्याला जुनी खाच आहे. शाळेत दोन घरांचे पाट बदलले होते. मूर्ती मात्र त्याच साच्यातली, तेवढ्याच उंचीची. मी म्हटलं, मखरात बसवल्यावर पाट कोणाला दिसणार? सासूबाई म्हणाल्या, "दिसत नाही म्हणूनच बघायचं, बाय." मग तुमचे आजोबा ती मूर्ती घेऊन दुसऱ्या आळीत गेले आणि आपली घेऊन आले.

तेव्हा मला सासूबाईंचा हट्टच वाटला होता. आता मला वेगळीच अडचण दिसू लागली. कार्यक्रम झाल्यावर थोरली फोन करणार, "आजोबा, काय सुंदर सूर आहे तुमचा!" आणि ह्यांनी त्यावर मान डोलवायची. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या नावाने एक टिंबही पाठवलं नाही, त्याने. मी तुमच्या बाबांना फोन करून सांगितलं, मागवू नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी किट खाली काढलं आणि माहितीपुस्तिका उघडून समोर बसले. "मी वाचते, तुम्ही जोडा," म्हटलं. हाताचा विषय काढला नाही.

"अगो, हे वाचून करायचं काम नाही."

"मग कशाने करतात?"

"बघून."

"बघताय तर महिनाभर."

ते हसले नाहीत, पण बसले. मी पोळपाट उपडा करून त्यांच्या मनगटाखाली सारला. ते त्याच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिले. किट कशामुळे अडलंय ते मला कळलंय, हे त्यांना तेव्हा कळलं. पोळपाटावर मनगट टेकलं की हात बराच स्थिर राहतो, आणि सकाळी सगळ्यात स्थिर. पहिले आठ-दहा दिवस तसं चाललं. रेझिस्टर म्हणजे तांदळाएवढे तुकडे, त्यांच्यावर रंगांचे पट्टे. मी पुस्तिकेत बघून रंग सांगायचे, ते भिंगातून खात्री करायचे. तांबडा की तपकिरी यावरून आमचं रोज भांडण व्हायचं. त्यांचे डाग, म्हणजे सोल्डरचे सांधे, सगळे एकसारखे, चकचकीत, पायथ्याशी पसरट आणि वर निमुळते.

मग चिप आली. तिचे पाय इतके जवळजवळ असतात की आयर्नचं टोक जरा हललं तर दोन पायांवर एकच थेंब पसरतो. तसंच झालं. त्यांनी तो काढला. पुन्हा झालं. तिसऱ्यांदा बोट भाजलं. मी "पायरी क्रमांक..." म्हणायला आणि ते ओरडायला एकच गाठ पडली, "तुझं ते पारायण थांबव जरा!" आयर्न स्टँडवर ठेवून ते पडवीत गेले आणि समुद्राकडे तोंड करून उभे राहिले.

आयर्न तापलेलंच होतं. किटमध्ये बोर्डाचा एक कापून टाकायचा तुकडा असतो. मी त्यावर एक डाग घातला, मग दुसरा. क्रोशाची सुई धरायची सवय असली की हाताला फारसं परकं वाटत नाही. मागून आवाज आला.

"हे काय घातलंयस? सांडगे?"

"तुम्हीच घाला मग चकल्या."

"गोळा नाही करायचा. सोल्डरला उष्णता देऊ नको, पायाला दे. पाय तापला की सोल्डर आपण होऊन धावतं. टेकव. थांब. आता सोल्डर दे. काढ!"

मी काढलं. भिंगातून त्यांनी बराच वेळ पाहिलं. "हा चालेल," म्हणाले. मग स्वतःच्या खुर्चीवरून उठले आणि मला तिथे बसायला सांगितलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या खुर्चीवर मी तोवर कधी बसले नव्हते.

तिथून पुढे डोळा त्यांचा आणि हात माझा. टेकव, थांब, दे, काढ. दूधवालाही दारातून ऐकून हसायचा. एक गोष्ट मात्र सांगते. तयार वस्तू आणली असती तर तिच्या आत काय चालतं हे मी कधीच विचारलं नसतं. आता मला एवढं कळतं की वीज कुठेतरी भरते, ओतली जाते, पुन्हा भरते, आणि ते भरणं-ओतणं पुरेसं भराभर झालं की त्याला आपण सूर म्हणतो.

मार्चच्या मध्यावर ते पुरं झालं. आजोबांनी आपल्या जुन्या पॉवर सप्लायला जोडलं, जुन्या टेपरेकॉर्डरच्या स्पीकरमधून सूर निघाला, आणि शेजारच्या कुत्र्याने त्याला लगेच साथ दिली. आम्ही दोघं मुलांसारखे हसलो. मी शिरा केला.

शिरा करत होते तेवढ्यात यांनी एक काम उरकलं. आपल्या गावात खारा वारा कशालाच सोडत नाही. बिजागऱ्या खातो, पंख्यांचे स्क्रू खातो, खिडक्यांचे गज तर दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात. जहाजावर रेडिओच्या प्रत्येक भागाला लॅकर, म्हणजे पारदर्शक रोगण, लावायची शिस्त होती. त्या शिस्तीने त्यांनी ब्रश घेतला आणि बोर्डाला दोन्ही बाजूंनी लॅकरचा भरघोस हात दिला. ब्रशच्या कामात कंप आड येत नाही, आणि बऱ्याच दिवसांनी एक काम त्यांना एकट्याने करता आलं होतं. मला दाखवायला आणलं तेव्हा बोर्ड आंबापोळीसारखा चमकत होता.

दुसऱ्या दिवशी त्यात वायर खोचली तर गप्प. लॅकर भोकांच्या आत उतरलं होतं. सूर बारकाईने जुळवायचा एक इवलासा स्क्रू असतो, तोही जागच्या जागी चिकटला होता. थिनरने त्यांनी भोकं साफ केली, ती पुन्हा बोलू लागली. स्क्रू मात्र हलेना. मी म्हटलं, द्या इकडे. त्यांनी ऐकलं नाही. जोर लावला, हात हलला, आणि स्क्रूची खाचच तुटली. आता सूर निघायचा, पण वर चढत गेला की बेसूर व्हायचा, आणि त्याला जुळवायचं साधन उरलं नव्हतं. तो भाग इथे कुठे मिळेना.

आणि ज्या गावात ते मोड्यूल जाणार होतं, तुमच्या गावात, तिथून समुद्र गाडीने अख्ख्या दिवसाच्या अंतरावर आहे. हे मी त्या वेळी बोलले नाही. हल्ली अधूनमधून बोलते.

दोन दिवस ते टेबलाकडे फिरकले नाहीत. मग जेवताना, ताटाकडे बघत म्हणाले, "त्याला सांग, तयार घेऊन दे म्हणावं तिला. माझं म्हणून."

"तुम्हाला कोणी सांगितलं हे?"

"तू फोनवर बोलतेस ते पडवीत ऐकू येतं. वर्गात बोलल्यासारखी बोलतेस."

म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, आणि तरी ते पोळपाटावर मनगट टेकून बसले होते. मी म्हटलं, "त्याला मी सांगणार नाही. काय सांगायचं ते तुम्ही तिलाच सांगा. फोन मी धरते."

त्या रविवारी संध्याकाळी थोरलीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार होती, ती काहीतरी खात होती. "झालं का आजोबा माझं मोड्यूल?"

माझ्या हातातला फोन त्यांच्या चेहऱ्याकडे धरलेला होता. त्यांनी मोड्यूल उचललं आणि पत्र्याची बाजू न दाखवता उलटं करून बोर्डाची मागची बाजू तिच्यासमोर धरली. एका हाताने धरलं. बोर्ड हलत होता. त्यांनी दुसरा हात आधाराला आणला नाही.

"यातले निम्मे डाग तुझ्या आजीचे आहेत," ते म्हणाले. "माझा हात आता राहिला नाही. आणि एक स्क्रू मी मोडलाय. तू तयार घे, बाय. कार्यक्रमाचा खोळंबा नको."

तिने खाणं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "जवळ आणा. अजून. आजी, तू धर ना बोर्ड." मी धरला. ती स्क्रीनला नाक लावून बघत होती. "ही खालची ओळ आजोबांची. हीपण. चिपच्या इथे आजी सुरू झाली. पहिले दोन जरा..."

"सांडगे," आजोबा म्हणाले.

"सांडगे!" ती इतक्या जोरात हसली की मागून तुमची आई बघायला आली. "आणि हा पुन्हा आजोबांचा, मधेच. हा कधी केलात?"

तो मलाही ठाऊक नव्हता. मी बाजारात गेले असताना त्यांनी एक डाग स्वतः घातला होता. जरा वाकडा होता, पण धरून बसला होता.

"तो स्क्रू इथे मिळतो," ती म्हणाली. "जुना काढून नवा बसवायचा ना? मी बसवते."

"तुला सोल्डरिंग येतं?"

"नाही. तुम्ही सांगायचं, मी करायचं. आजीला सांगितलंत तसं."

पार्सल मार्चच्या अखेरीस निघालं, आधी कापसात, मग माझ्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात बांधून. तुमच्याकडे पोचलं तेव्हा एप्रिल अर्धा झाला होता. म्हणजे वचन काटेकोरपणे पाळलं गेलं नाही. आजोबांनी ते तिला स्वतः सांगितलं.

तयार का घेतलं नाही, याचं उत्तर धाकट्याला अजून मिळालं नसेल. मला ते एका वाक्यात देता येत नाही. तुला कधी काही घ्यायचं असेल तर बहुतेक वेळा तयारच घे. वेळ वाचतो, आणि बोटं भाजत नाहीत. मी फक्त पार्सल पोचल्यानंतरच्या रविवारी काय झालं ते सांगते.

तिने फोन पुस्तकांना टेकवून ठेवला होता. आम्ही आमचा पोळपाटाला टेकवला. आजोबा पुढे वाकून बसले. "पायाला उष्णता दे. टेकव. थांब. आता काढ." जुना स्क्रू निघाला. नवा बसला. तिचा पहिला डाग बघून ते म्हणाले, "घराण्याचा सांडगा," आणि तिला तो पुन्हा करायला लावला. मग तिने मोड्यूल पेटीत बसवलं, शेजारी आपलं तयार मोड्यूल होतंच, आणि दोघांचे सूर सुरू केले.

इथे एक गंमत झाली. लांबलेला एकच सूर म्हणजे फोनला वाटतं गोंगाट आहे, आणि तो आपणहून त्याला गाळून टाकतो. सूर यायचा आणि विरून जायचा. आजोबा वैतागले. तिने फोनमध्ये काहीतरी बदललं आणि मग नीट ऐकू आलं, वाव-वाव-वाव, दोन्ही सूर डुलताना.

आजोबांनी डोळे मिटले आणि उजवा हात वर धरला. तो थरथरत होता. त्यांनी तो लपवला नाही, आणि ती त्या हाताकडेच बघत स्क्रू फिरवत होती. डुलणं संथ होत गेलं.

"अजून जरा," ते म्हणाले. "अजून. हळू, हळू."

मग त्यांनी हात खाली आणला.